तिसरा ढीग

"वेचू नकोस गं, त्रिशला. समोर येईल ते मोज. शंभर म्हणजे शंभर. देखणं असो, घाणेरडं असो, आपल्याला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय?"

उपाध्ये सर हे बोलले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि सरांना जाऊन नऊ. तेव्हा त्रिशला मगदूम बावीस वर्षांची होती, मिरजेच्या इस्पितळात पॅथॉलॉजी विभागात नुकतीच लागलेली. तिनं खाली मान घालून, कुणाला ऐकूही जाणार नाही अशा आवाजात म्हटलं होतं, "नाही वेचणार, सर." सर हसले होते. "आता हे तू मला सांगितलंस की टेबलाला?"

त्या मंगळवारी तो आवाज पुन्हा आठवायचं कारण एवढंच, की 'समदृष्टी' बंद होतं. वर्षाच्या देखभालीसाठी कंपनीच्या माणसांनी ते यंत्र दोन दिवस उघडून ठेवलं होतं आणि सांगोल्याच्या एका अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांचा अहवाल अडला होता. हातानं मोजता येणारं विभागात आता एकटी त्रिशलाच उरली होती.

काय मोजायचं, ते आधी सांगायला हवं. पुरुषाच्या वृषणात गाठ आली की ते वृषण काढून टाकतात. त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काचपट्टीवर चढवतात, रंगवतात. मग प्रत्येक पेशीचं केंद्रक जांभळ्या ठिपक्यासारखं दिसू लागतं. त्या केंद्रकांचे आकार मोजायचे आणि त्यांच्यात तफावत किती, याचा एक अंक काढायचा. ढिगात नुसती ज्वारी असेल तर अंक लहान. ज्वारीत वाटाणे, बोरं, लिंबं वाटेल तशी मिसळली असतील तर अंक मोठा. ज्या गाठीतली केंद्रकं अशी बेशिस्त, ती गाठ बहुधा पिसाळलेली. ती पोटात, छातीत पसरण्याआधी जबर औषधं सुरू करावी लागतात. त्या औषधांनी जीव वाचतो, पण मूत्रपिंडं दुखावतात, कान जातात, अंगातलं रक्त पाण्यासारखं होतं.

याला एक अपवाद आहे. उतारवयात क्वचित होणारी एक गाठ. तिच्यात केंद्रकं तीन मापांची असतात. बारीक, मध्यम आणि अवाढव्य. पण ती वाटेल तशी नसतात, त्यांचे तीन वेगवेगळे ढीग पडतात. सर म्हणायचे, "दिसायला दरोडेखोर, वागायला शाळामास्तर." ही गाठ सहसा कुठं जात नाही. वृषण काढलं की माणूस घरी जायला मोकळा. तीन ढीग दिसले तर 'समदृष्टी' हिरव्या अक्षरांत लिही, 'शस्त्रक्रिया पुरेशी'. तीन ढीग नसले आणि अंक चाळिसाच्या वर गेला, की लाल अक्षरांत, 'तातडीने केमो'. खाली डॉक्टरांची सही. दिवसाला नव्वद सह्या असत. काचपट्टी डोळ्याखाली कोण घेतो?

त्रिशलानं पडद्यावर सांगोल्याची काचपट्टी लावली आणि हातात लेखणी घेतली. एकेका केंद्रकाच्या कडेनं रेघ फिरवायची, पुढं सरकायचं. बाविसावं झालं. तेविसावं होतं बारीक, काळपट, चुरगळल्यासारखं. लेखणी त्याच्या बाजूनं गेली आणि पलीकडच्या मोठ्या, गुलाबीसर केंद्रकावर टेकली.

ती थबकली. हाताला असं कुणी सांगितलं होतं? तिनं तर सांगितलं नव्हतं.

पण बोटाची ती हालचाल तिच्या ओळखीची होती. त्याच दिवशी सकाळी तिनं ताटात तांदूळ पसरले होते. जैनाघरी धान्य शोधल्याशिवाय शिजत नाही, आणि तिच्या घरी तर सासूबाईंपासूनचा कडक नेम होता. टोका, म्हणजे तांदळातला काळा किडा, दिसला की तिचं बोट असंच त्याच्या बाजूनं जाई. चार दाणे मध्ये घेऊन, त्या दाण्यांनीच ती त्याला ताटाच्या कडेला ढकली, मग कागदावर घेऊन भिंतीच्या कोपऱ्यात सोडून येई. मारायचा नाही. पण शिवायचंही नाही. अंगावर काटा यायचा तिच्या.

ती परत पहिल्या केंद्रकापासून मोजायला लागली. ओळीनं, काहीही न सोडता. बारीक एकोणतीस. मध्यम साठ. अवाढव्य अकरा. तीन ढीग, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

तिनं हातानं अहवाल लिहिला, 'शस्त्रक्रिया पुरेशी'. विभागप्रमुख डॉ. प्रभुणे यांनी न वाचता सही केली. सांगोल्याचे गृहस्थ घरी गेले.

गुरुवारी यंत्र सुरू झालं. तिनं तीच काचपट्टी त्याला दिली. अंक आला अठ्ठावन्न. लाल अक्षरं. तातडीने केमो.

त्रिशलानं यंत्राचा 'कचरा' उघडला. हे नाव तिचंच होतं. चार वर्षांपूर्वी या यंत्राला केंद्रक ओळखायला शिकवलं ते तिनं. चौदा महिने, रोज सहा तास, तीन लाख ठिपके. दोन बटणं होती, 'केंद्रक' आणि 'कचरा'. फाटलेलं, मेलेलं, डाग पडलेलं दिसलं की कचरा. त्या शिकवणीच्या चाचणीत यंत्राचं आणि तिचं हजारात नऊशे नव्वद वेळा एकमत झालं होतं. कंपनीनं शाल-श्रीफळ दिलं, 'यंत्राची गुरू' म्हणून. ती शाल अंगावर घेऊन ती मंदिरात दर्शनालाही जाऊन आली होती.

कचऱ्यात सांगोल्याचा तिसरा ढीग पडलेला होता. बारीक, काळी, चुरगळलेली, जिवंत केंद्रकं.

यंत्र तिची नजर शिकलं होतंच. पण नजरेबरोबर तिची किळसही शिकलं होतं.

तिनं चार वर्षांचे, पंचावन्नच्या पुढच्या पुरुषांचे सगळे अहवाल काढले. अर्ध्या राज्यातून काचपट्ट्या येत तिथं. प्रत्येकाचा कचरा उघडून पाहिला. सात जणांच्या कचऱ्यात तिसरा ढीग सापडला. सात जणांना केमो दिली गेली होती, नको असताना. त्यातले दोघं औषधानं रक्त पातळ होऊन जंतुसंसर्गात गेले होते. तिनं बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. 

सम्यग्दर्शनाची, म्हणजे खऱ्या श्रद्धेची, आठ अंगं ती लहानपणापासून रोज म्हणत होती. तिसरं अंग, निर्विचिकित्सा. म्हणजे किळस न करणं. रोज म्हणायची, एका दमात, पुढच्या अंगाकडं जायची घाई असल्यासारखी.

*

डॉ. प्रभुणे यांच्या खोलीत कंपनीचा शार्दूल आधीच बसला होता. टेबलावर कागदात भडंग ओतलेला. शेजारी त्या दिवशीच्या काचपट्ट्यांचा ट्रे. प्रभुणे बोटांचा मसाला ट्रेवर झटकत होते. कागदाच्या कोपऱ्यावर कंपनीनं वाटलेला काचेचा गोळा होता, आत जांभळं केंद्रक. उद्घाटनाच्या दिवशी त्या गोळ्यावरून पुरुषमंडळी जे काही हसली होती, ते आठवून आजही तिला हात धुवावेसे वाटत.

तिनं सांगितलं. सगळं, बारकाव्यानिशी.

"जरा मोठ्यानं बोला हो," शार्दूल म्हणाला. "काय म्हणता, कचरा काढायचाय?"

तिनं पुन्हा सांगितलं. शार्दूलचं खाणं थांबलं. प्रभुण्यांचं थांबलं नाही.

"सात," ते म्हणाले. "चार वर्षांत सात. त्रिशलाताई, हातानं मोजत होतो तेव्हा याहून जास्त चुकत होतं."

"उपाध्ये सर असताना ही गाठ एकदाही चुकली नव्हती, सर."

"सर, सर! ते दिवसाला चार काचपट्ट्या बघायचे. त्या काळी माणसं मरायची, पण अहवाल सुंदर असायचे." ते स्वतःच हसले. "आणि म्हातारे होते हो सगळे. त्यांना आता त्याचा काय उपयोग होता? गोट्या खेळायला जायचं होतं काय?"

शार्दूल हसला. हसताना त्याच्या दाताला शेंगदाण्याचं साल चिकटलेलं दिसलं.

"मॅडम, एकदम सोपं आहे," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत नवी आवृत्ती चढवतो. तुम्हीच बसा शिकवायला. बारीकवाले घ्या आत. विषय संपला. फक्त जुन्या अहवालांना हात लावायचा नाही. पुढच्या महिन्यात आपण चाळीस इस्पितळांत जातोय."

"आणि त्या माणसांना कोण सांगणार?"

"काय सांगणार? त्यांना वाटतंय आपण वाचलो. छान वाटतंय त्यांना. तुम्ही का मोडता?"

प्रभुणे पुढं वाकले. आवाज मऊ झाला होता. "ताई, बोट कुणाचं होतं? शाल कुणी घेतली? सांगायला गेलात तर लोक यंत्राला नाही विचारणार." मग त्यांनी भडंगाचा कागद तिच्याकडं सरकवला. "घ्या. तुमचं कांदा-लसूण नसतं ना? यात नाहीये."

तेवढ्यानं तिला सगळ्यात जास्त शिसारी आली. आपल्या व्रताची त्यांनी घेतलेली ती काळजी.

दुसऱ्या दिवशी तिनं शाल घडी घालून त्यांच्या टेबलावर ठेवली. काचेच्या गोळ्याखाली.

*

"झालं ते झालं," श्रेणिकराव म्हणाले. सूर्य मावळायला वेळ होता. दोघांची जेवणं उरकत आली होती. नवरा सज्जन माणूस, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. "मुद्दाम केलंयस का तू? नाही. मग पाप कसलं? आणि शास्त्रात काय सांगितलंय? पाचवं अंग कुठलं?"

"उपगूहन."

"म्हणजे?"

"दोष झाकणं."

"मग? आपणहून चव्हाट्यावर मांडायचा म्हणून कुठं लिहिलंय?"

त्रिशलानं ताटातलं शेवटचं शीत उचललं. "दुसऱ्याचा झाकायचा, अहो. स्वतःचा नव्हे."

श्रेणिकरावांनी ताट पुढं सरकवलं. मग म्हणाले, "पेन्शनला आठ वर्षं राहिलीत."

"हो."

"बरं. पाणी पिऊन घे, दिवस मावळतोय."

*

सात जणांतला एक मिरजेतलाच होता. सतारवाल्यांच्या गल्लीतले इब्राहिमचाचा. यादीत त्यांचा क्रमांक चौथा होता, पण घर जवळ म्हणून शनिवारी ती आधी तिथंच गेली.

दुकानाच्या दारातच चाचा सतारीच्या भोपळ्याला सरस लावत बसले होते. आत त्यांचा मुलगा सलीम सतारीच्या घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होता. तार छेडायचा, ऐकायचा, पुन्हा केसभर घासायचा. याला जवारी काढणं म्हणतात. तारेचा झंकार घोडीच्या त्या बारीकशा उतारावर अवलंबून असतो आणि तो उतार डोळ्यांना दिसत नाही, कानांनाच कळतो. चाळीस वर्षं इब्राहिमचाचांच्या जवारीसाठी लांबलांबचे वादक या गल्लीत येऊन बसत. आता चाचा भोपळे चिकटवत होते.

"या, ताई, या. इस्पितळातल्या ना तुम्ही? सल्या, खुर्ची दे."

ती टेकली आणि बोलू लागली. चाचांनी भुवया वर केल्या, खिशातून चष्मा काढून लावला. समोरचा बोलेल ते काचेवर अक्षरांत उमटवणारा चष्मा. नातवानं आणलेला.

"भूषणाची गाठ?" चाचांनी काचेवरचं वाचलं. "माझ्याकडं कसलं आलंय भूषण? सल्या, बायकोचे दागिने विकलेस काय रे?"

सलीम हसला. समोरच्या चहावाल्याकडं उभे असलेले दोघं इकडं पाहू लागले. त्रिशला आणखी जवळ सरकली, पुन्हा बोलली.

"आता 'कृष्णाची गाठ' म्हणतोय." चाचांनी चष्मा काढला. "ताई, ह्याला तुमची कुजबुज झेपत नाही. मोठ्यानं बोला. लाजू नका, गल्ली आपलीच आहे."

पन्नास वर्षांत त्रिशला मगदूम कुणाशी मोठ्यानं बोलली नव्हती. घरात नाही, मंदिरात नाही, पोटातलं पोर पडलं तेव्हाही नाही. ती उभी राहिली. पदर हातात घट्ट धरला.

"चाचा! तुमच्या वृषणाची गाठ साधी होती! ते औषध द्यायला नको होतं! यंत्र चुकलं, आणि त्या यंत्राला मी शिकवलं होतं! चूक माझ्या हाताची आहे!"

कानस थांबली. चहावाल्याची किटली हवेतच राहिली. गल्लीच्या टोकापर्यंत ते शब्द गेले असावेत, कारण वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

चाचांनी भोपळा खाली ठेवला. मग सावकाश म्हणाले, "नको होतं?"

"नको होतं!"

"मग माझे कान?"



चाचांनी सलीमकडून सतार घेतली, एक तार छेडली. "कसं वाटलं?"

"गोड!" ती म्हणाली.

"मला पत्र्यावर खडा पडल्यागत. वरचं सगळं गेलंय. आत रातकिडा बसलाय, चोवीस तास." त्यांनी सतार आडवी ठेवली, फार जपून. "तीन वर्षं मनाला समजावलं, ताई. जीव वाचला, त्याचे पैसे म्हणून अल्लानं कान घेतले. सौदा झाला. प्रत्येक नमाजात त्या तुमच्या यंत्राला दुवा दिला मी. यंत्राला! आज तुम्ही येऊन सौदा पण काढून घेतलात."

सलीम उठला होता. त्याच्या हातात कानस तशीच होती आणि चेहरा ओळखू येत नव्हता. चाचांनी त्याच्याकडं न बघता हात आडवा केला.

"माफी मागायला आलाय काय? मी देणार नाही. आज तरी नाही."

"मागायला नाही आले. सांगायला आले!"

"अजून किती जणं आहेत माझ्यासारखे?"

"तुम्ही धरून पाच! दोन गेले!"

"त्यांना कुणी सांगितलं?"

तिनं मान हलवली. "इस्पितळ सांगणार नाही!"

चाचांनी सरसाच्या भांड्यात कुंचला फिरवला. सरस आटून त्याचा उग्र वास सुटला होता.

"मग कबूल करा," ते म्हणाले. "सगळ्यांच्या दारात जायचं. जे मेले त्यांच्या पण. चिठ्ठी नाही, फोन नाही. आणि असंच सांगायचं. आत्ता सांगितलंत तसं, शेजाऱ्याला ऐकू जाईल असं. दबक्या आवाजात सांगितलं की माणसाला वाटतं, लाज आपलीच आहे."

"कबूल, चाचा!"

"आता जा. सल्याकडं बघवत नाही मला."

*

सोमवारी पहाटे स्नान करून त्रिशला देवघरासमोर उभी राहिली. सात पत्ते तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून काढले होते, चौथ्यावर खूण केली होती. रविवारभर तिचा डोळा पुन्हा पुन्हा सहाव्या नावावर जात होता. जयसिंगपूर, वीस मिनिटांवर. माणूस हयात, एकटा राहणारा, तब्येत बरी. तिथून सुरुवात करावी.

वेचू नकोस गं, त्रिशला.

पहिलं नाव उमदीचं होतं. जत तालुक्याच्या पार टोकाला. माणूस गेलेला. घरी बायको आणि एक मुलगा, नाव नोंदीत नव्हतं. तिनं बाकीचा कागद दुमडला आणि ते एकच नाव वर ठेवलं.

स्वयंपाकघरात ताटातले तांदूळ शोधायचे राहिले होते. एक टोका कडेकडेनं चालला होता. तिनं दाणे मध्ये घेतले नाहीत. उघडं बोट त्याच्यापुढं ठेवलं. तो चढला. अंगावर काटा आला, तो तिनं येऊ दिला. तशीच परसात गेली, भिंतीच्या कोपऱ्यात त्याला उतरवला, हात धुतला.

श्रेणिकराव दारात उभे होते. हातात तिची पाण्याची बाटली, गाळून भरलेली.

"उमदीची गाडी साडेसहाची," ते म्हणाले. "येऊ का बरोबर?"

"नको. तुमच्यासमोर मला मोठ्यानं बोलता येणार नाही."

ते थोडं हसले. तिचा रोजचा नेम त्यांना ठाऊक होता. रोज सकाळी देवासमोर त्या दिवसापुरती एक गोष्ट सोडायची. कधी गूळ, कधी दूध, कधी दुपारची झोप.

"आज काय सोडलंस?"

"हळू बोलणं," ती म्हणाली. इतक्या हळू, की त्यांना पुढं वाकावं लागलं.

मग तिनं चपला घातल्या, बाहेर पडून कडीचा आवाज न करता दार ओढून घेतलं, आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली.